दंडातली वाट

आपल्यापैकी प्रत्येकाच्या दंडावर कधी ना कधी प्रेशरचा पट्टा बांधला गेलेला असतो. पट्टा फुगतो, दंड आवळला जातो, बोटांना मुंग्या येऊ लागतात. मग हवा हळूहळू सोडत डॉक्टर कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप टेकवून काहीतरी ऐकतात. ते जे ऐकतात तो दंडातल्या धमनीचा आवाज. ब्रेकिअल आर्टरी हे तिचं नाव. काखेतून उतरून बेटकुळीच्या आतल्या कडेनं कोपरापर्यंत जाणारी, साधारण चार मिलिमीटर व्यासाची. निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन सर्जननं १९०५ साली हे आवाज पहिल्यांदा मांडले. रक्तवाहिन्यांच्या जखमा हा त्याचा विषय होता आणि ही गोष्ट मला फार जवळची वाटते. इजा झालेली धमनी बांधून टाकली तर पुढचा हात किंवा पाय आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांवर जगेल की नाही, हे शस्त्रक्रियेच्या आधी कळावं म्हणून त्याचा अभ्यास चालला होता. म्हणजे आज जगभर ज्या धमनीवर कान टेकवून रक्तदाब मोजला जातो, तिथे पहिल्यांदा कान देणाऱ्याला चिंता होती ती एखाद्याचा हात वाचेल का याची.

मी रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करते. याच धमनीबद्दल मला लिहायचं आहे, कारण कधी कधी आम्ही ती तिच्या स्वतःच्या कुठल्याही दुखण्यासाठी उघडत नाही. छाती-पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी शरीरातली सर्वात मोठी धमनी, फुगलेली असते, तिच्या आतून कृत्रिम नळी बसवायची असते, आणि तिथवर पोचण्यासाठी दंडातली वाट वापरायची असते. रोग एकीकडे, सुरी दुसरीकडे. ज्या हाताला काहीही झालेलं नाही तो हात आम्ही उघडतो. नातेवाइकांना हे सांगताना मला नेहमी शब्द जपून वापरावे लागतात, कारण त्यांचा पहिला प्रश्न अगदी रास्त असतो: पोटाच्या आजाराला हात कशाला?

ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एका काकांबद्दल सांगते. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उभी हयात घाटाच्या रूटवर गेलेली, सोबतीला विडी. मुतखड्याचा संशय म्हणून सोनोग्राफी केली आणि खडा राहिला बाजूला, महाधमनीच मोठी दिसली. सीटी केला. पोटातली महाधमनी एरवी दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असते; यांची साडेसहा झाली होती. फुगवटा छातीच्या पडद्याच्या वर सुरू होऊन मूत्रपिंडांच्या खालपर्यंत आला होता. दुखत काहीच नव्हतं. या आजाराचं हेच भयंकर आहे. तो फुटेपर्यंत बहुतेकदा बोलत नाही आणि फुटला की हॉस्पिटलपर्यंत पोचायलाही अनेकांना वेळ मिळत नाही.

उघडी शस्त्रक्रिया करायची तर छातीपासून पोटापर्यंत डाव्या बाजूनं मोठा काप, महाधमनीवर क्लॅम्प, त्या वेळात मूत्रपिंडं आणि मज्जारज्जू रक्ताविना. विडीनं पोखरलेल्या फुप्फुसांना ते झेपणारं नव्हतं. म्हणून आतून ग्राफ्ट बसवायचा ठरला. पॉलिस्टरच्या कापडाची नळी, तिला धातूच्या कड्यांचा सांगाडा, आणि सदऱ्याला बाह्या असाव्यात तशा चार छोट्या फांद्या: एक यकृत-जठराकडे जाणाऱ्या धमनीसाठी, एक आतड्यांसाठी, दोन मूत्रपिंडांसाठी. फुगवट्यातून रक्त जायचं बंद करायचं, पण या चार अवयवांचा पुरवठा तोडायचा नाही, अशी ही रचना. सॅन फ्रान्सिस्कोत टिमोथी चुटर यांनी असे फांद्यांचे ग्राफ्ट २००१च्या सुमारास माणसात बसवले. आज जगभर ते वापरले जातात.

नळीचा मुख्य भाग जांघेतून वर चढवतात. फांद्यांची तोंडं मात्र खालच्या दिशेनं असतात, कारण पोटातल्या धमन्याही महाधमनीतून निघून खालीच कललेल्या असतात. जांघेतून गेलेल्या वायरला अशा फांदीत शिरायचं तर वर जाऊन उलटं वळण घ्यावं लागतं. वरून, म्हणजे हातातून आलेली वायर सरळ खाली उतरते, फांदीत शिरते, पुढच्या धमनीत जाते. पोटाच्या आजाराला हात कशाला, याचं उत्तर एवढंच.

आणि हात शक्यतो डावा. डाव्या हाताची धमनी महाधमनीच्या कमानीवरून सर्वात शेवटी निघते. उजव्या हातातून वायर नेली तर ती मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांच्या तोंडांवरून ओढली जाते, आणि तिथल्या भिंतीवरचा चुन्याचा किंवा चरबीचा एखादा कण सुटला तर पक्षाघात. डाव्या बाजूनं हा धोका पूर्ण टळत नाही, डाव्या हाताच्या धमनीतूनही एक फांदी मेंदूच्या मागच्या भागाकडे जातेच, पण धोका कमी होतो.

मी हे सगळं कागदावर चित्र काढून समजावत होते. मुलगा खर्चाच्या आकड्यावर अडकला होता, ते साहजिकच होतं. काका चित्राकडे न बघता स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होते. म्हणाले, “मॅडम, हा गिअरचा हात आहे माझा.” निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी त्यांच्या लेखी तो गिअरचाच हात होता. मला ते वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. महाधमनी माणसाला दिसत नाही, तिचं असणं त्याला कधी जाणवत नाही. हात मात्र तो रोज वापरतो. आम्ही आतला फुगवटा कितीही उत्तम झाकला तरी अंगठा आणि तर्जनी बधिर राहिली तर त्या माणसाच्या दृष्टीनं आम्ही त्याचा हात बिघडवला, आणि त्याचं म्हणणं बरोबरच असेल.

हात उघडायचा की नुसती सुई टोचायची, हा पहिला निर्णय. १९५३ साली स्वीडनमधल्या सेल्डिंगर यांनी सुई, सुईतून वायर, वायरवरून नळी ही पद्धत दिली. तेव्हापासून काप न देता धमनीत शिरता येतं. मनगटातून होणाऱ्या अँजिओग्राफीमुळे तर हे आता घरोघरी माहीत आहे. पण मनगटातून जाणारी नळी दोन-अडीच मिलिमीटरची असते. फांद्यांच्या ग्राफ्टसाठी लागणारी शीथ, म्हणजे आतून साहित्य सरकवायची लांब नळी, बहुधा १२ फ्रेंचची. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे आतला व्यास चार मिलिमीटर आणि बाहेरचा त्याहून जास्त. चार-साडेचार मिलिमीटरच्या धमनीत एवढी नळी काही तास राहणार. ती काढल्यावर पडणारं भोक नुसतं दाबून बंद होण्यातलं नसतं.

दंडात आणखी एक अडचण आहे. तिथे धमनी, शिरा आणि हाताचे मोठे मज्जातंतू एकाच चिवट आवरणात, अगदी खेटून राहतात. जांघेत थोडं रक्त साठलं तर काळंनिळं होतं, दुखतं, बहुतेक वेळा ओसरतं. दंडाच्या त्या अरुंद कप्प्यात थोडंसं रक्त साठलं तरी मज्जातंतू चेपला जातो. बाहेरून सूजही फारशी दिसत नाही. रुग्ण नुसता म्हणतो की बोटांना मुंग्या येतात. ती तक्रार ऐकून काही तासांत कप्पा मोकळा केला नाही तर नुकसान कायमचं होऊ शकतं. म्हणून मोठी शीथ असेल तेव्हा मी दंडात आंधळी सुई टोचत नाही. सोनोग्राफीच्या मदतीनं काखेत सुई घालून, नंतर खास उपकरणानं भोक शिवणारे कुशल लोक आहेत आणि त्यांचे निकाल चांगले आहेत. तरी दंडाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. दोन इंच उघडा, डोळ्यांनी बघा, डोळ्यांदेखत शिवा.

काकांच्या हाताची सोनोग्राफी मी स्वतः आदल्या संध्याकाळी केली. धमनी कोपराजवळ साडेतीन मिलिमीटर, काखेच्या खाली जवळजवळ पाच. काहींच्या हातात ही धमनी कोपरापाशी दोन फांद्यांत विभागण्याऐवजी वर दंडातच दुभंगते आणि मग दोन बारीक धमन्या शेजारून चालतात. हे विरळा नाही. आधी पाहिलं नसेल तर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, मोठी शीथ घेऊन चुकीच्या बारीक धमनीसमोर उभं राहावं लागतं. काकांची एकच होती, सरळ. त्वचेवर मार्करनं रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी भूल दिल्यावर हात बाजूच्या फळीवर पसरला, तळवा वर. नव्वद अंशांच्या पलीकडे हात ताणायचा नाही, कारण काखेतल्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर ताण येतो आणि भूल दिलेला माणूस काही सांगू शकत नाही. बोटांपासून खांद्यापर्यंत सगळं बीटाडीननं रंगवलं. तर्जनीला ऑक्सिजनचा चिमटा लावला. तो मुद्दाम डाव्याच हाताला, म्हणजे शीथ आत असताना हाताला रक्त किती पोचतंय याचा आलेख भूलतज्ज्ञांच्या पडद्यावर दिसत राहतो.

बेटकुळी आणि मागचा स्नायू यांच्यामधली खाच बोटानं चाचपली की ठोका लागतो. त्या रेषेवर उभा काप. त्वचेखाली पिवळी चरबी, तिच्यात एक निळसर शीर, आणि शिरेच्या सोबतीनं जाणारा बारीक पांढरा तंतू. कोपराखालच्या आतल्या कडेची संवेदना हा तंतू वाहतो. तो कापला गेला तर माणूस मरत नाही, हात लुळा पडत नाही, ऑपरेशनच्या नोंदीत त्याचा उल्लेखही येत नाही. फक्त त्या माणसानं ताटासमोर हात टेकवला की ती कड त्याला बधिर लागते, पुढची कित्येक वर्षं. मी तो शोधते, बाजूला करते आणि समोर उभ्या रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, दाखवते. दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही हा माझा शिरस्ता.

मग चिवट आवरण. ते चिमट्यानं उचलून, खाली काही नाही याची खात्री करून कात्रीनं उभं उघडायचं. उघडल्यावर बहुतेक वेळा पहिला समोर येतो तो मीडियन नर्व्ह. जाड, पांढरा, त्यावर अगदी बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी. धमनी त्याच्या आड असते. दंडाच्या वरच्या भागात हा मज्जातंतू धमनीच्या बाहेरच्या अंगाला असतो, मध्यावर तो तिला ओलांडतो आणि कोपराशी आतल्या अंगाला येतो. कुठल्या उंचीवर उघडलंय त्यावर तो कुठे भेटेल हे ठरतं. अंगठ्यानं चिमटीत वस्तू धरणं, शर्टाचं बटण लावणं, नाणं ओळखणं या सगळ्याचा धनी हा एक तंतू. त्याला चिमट्यानं पकडायचं नाही, ताणून बांधायचं नाही. आजूबाजूचं पातळ जाळं सोडवलं की तो आपण होऊन सरकतो. तेवढा वेळ द्यायचा.

त्याच्या मागे धमनी. पांढुरकी, गुलाबी झाक असलेली, ठोक्यासरशी किंचित लांबणारी. तिला दोन्ही बाजूंनी दोन शिरा बिलगलेल्या असतात आणि तिच्यावरून आडव्या फांद्या टाकून एकमेकींना मिळतात. या आडव्या फांद्या एकेक करून बांधायच्या. इथे घाई केली की रक्त येतं, रक्त आलं की दिसेनासं होतं, आणि दिसत नसताना लावलेला चिमटा नेमका मज्जातंतूवर बसतो. म्हणून मी ओटीत या टप्प्यावर गप्पा बंद करते. सिस्टरांना ते सवयीचं झालंय. मॅडम धमनीजवळ आल्या की त्या फोनही बाहेर पाठवतात.

धमनीखालून सिलिकॉनचे दोन लाल लूप गेले. लाल धमनीचा, निळा शिरेचा, पिवळा मज्जातंतूचा, हा रंगांचा रिवाज. तरुण माणसाची धमनी एवढ्या हाताळणीनंही आकसते, बघता बघता निम्मी होते. मग धमनी सैल करणाऱ्या पापाव्हेरीनचे थेंब टाकून, ओला गॉज ठेवून थांबायचं. काकांची फारशी आकसली नाही. विडीनं भिंत कडक झालेली होती. बोटाला लागत होतं ते.

रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलं, काही मिनिटं थांबलो, आणि उघड्या धमनीत डोळ्यांसमोर सुई घातली. वायर वर सरकली. पडद्यावर ती खांद्याला वळसा घालून छातीत उतरताना दिसली. मग शीथ. शीथ आत गेली तशी तर्जनीवरचा आलेख चपटा झाला. अपेक्षितच होतं ते. दंडाच्या वरच्या भागातून एक मोठी फांदी मागे जाते आणि कोपराभोवतीच्या वाहिन्यांमार्फत हाताला थोडं रक्त देत राहते. शीथ तिच्या तोंडावरच बसली तर मात्र हात फार काळ तग धरत नाही. शीथ थोडी हलवून बसवली. आलेख पुन्हा हलू लागला, बारीक, पण हलू लागला. मगच पुढच्या कामाला लागलो.

पुढचं काम तांत्रिकदृष्ट्या मोठं, पण सांगायला थोडं. ग्राफ्ट जांघेतून वर गेला, उघडला, एकेका फांदीतून वायर गेली, एकेका धमनीत छोटा आवरणाचा स्टेंट बसला. डाव्या मूत्रपिंडाच्या धमनीनं वेळ खाल्ला. दर अर्ध्या तासानं रक्त किती पातळ आहे ते बघायचं, हेपॅरिन वाढवायचं. शिशाचा एप्रन घालून तासन् तास उभं राहायचं. शेवटच्या चित्रात चारही अवयवांना रक्त जात होतं आणि फुगवट्यात डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, उतरत नव्हता.

याच धमनीनं आमच्या क्षेत्राला किती दिलंय याची मला नेहमी आठवण येते. १८८८ साली न्यू ऑर्लिन्समध्ये सर्जन रुडॉल्फ मातास यांच्यासमोर बंदुकीच्या छऱ्यांनी दंडातली धमनी फुगलेला एक तरुण मजूर आला. तेव्हाची रीत म्हणजे धमनी वरून आणि खालून बांधून टाकणं. मातास यांनी तेही करून पाहिलं, पण फुगवटा पुन्हा ठोके देऊ लागला. तेव्हा त्यांनी फुगवटा उघडला आणि आतून रक्त आणणारी भोकं शिवून टाकली. हात वाचला. फुगलेली धमनी बाहेरून आवळण्याऐवजी आतून सोडवायची, या विचाराचं मूळ एका मजुराच्या दंडात आहे. मग १९५८ मध्ये क्लीव्हलँडला मेसन सोन्स यांनी हृदयाच्या धमन्यांचं चित्र काढायची पद्धत दिली. ती सुरुवातीची हजारो चित्रं कोपराजवळ काप देऊन, हीच धमनी उघडून, त्यातून कॅथेटर घालून काढली गेली. शेवटी धमनी शिवायची. १९९० साली ब्युनोस आयर्सला हुआन पारोदी यांनी पोटातल्या महाधमनीत आतून ग्राफ्ट बसवला, तोही जांघेतली धमनी कापून, बघून. त्याआधी, १९८७ मध्ये, खारकीव्हला निकोलाय व्होलोडोस यांनी छातीतल्या महाधमनीत असा ग्राफ्ट बसवला होता. सोव्हिएत भिंतीआड राहिल्यामुळे त्यांचं नाव उशिरा सर्वदूर झालं. त्यांना त्यांचं श्रेय आधी मिळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

हे सांगायचं कारण असं की आजकाल आमच्या परिषदांमध्ये काप हा शब्दच जुनाट ठरत चाललाय. सगळं सुईच्या भोकातून व्हावं, रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जावा. मलाही ते हवंय. जांघेतून जाऊन टोक हवं तसं वळवता येणाऱ्या शीथ आल्या आहेत, त्यामुळे खाली तोंड असलेल्या फांद्यांतही खालूनच शिरता येऊ लागलंय. हात न वापरल्यानं पक्षाघाताचा धोका कमी होतो असं अनेक केंद्रांचं म्हणणं आहे आणि ते मला पटतं. ज्या रुग्णात तसं जमेल तिथे हाताला हातही लावू नये. पण कमानीतली वळणं, जांघेतल्या अरुंद धमन्या, आधीचे स्टेंट यामुळे काहींना दंडाचीच वाट उरते. त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या सर्जनला दोन इंचांतलं हे शरीरशास्त्र बोटांत मुरलेलं हवं.

अपघातांच्या बाबतीत तर याला पर्याय नाही. दुचाकीवरून पडून खांद्याच्या हाडाखालची धमनी फाटलेली पोरं आमच्याकडे येतात. ती धमनी गळपट्टीच्या हाडाआड दडलेली. पूर्वी ती गाठायची तर हाड कापावं लागे, नाहीतर छाती उघडावी लागे, आणि तोवर रक्त वाहत असे. आता त्याच हाताच्या दंडात धमनी उघडायची, खालून वायर वर न्यायची, फाटलेल्या जागेत आवरण असलेला स्टेंट उघडायचा. कधी फाटलेली टोकं इतकी दूर गेलेली असतात की दुसरी वायर जांघेतून आणून फाटलेल्या जागी दोन्हींची गाठ घालून द्यावी लागते. जीव वाचतो, हात वाचतो. मज्जातंतूंचं जाळं त्याच अपघातात तुटलेलं असेल तर मात्र हात वाचूनही हलत नाही, आणि पंचविशीतल्या मुलाला ते सांगणं हे या कामातलं सर्वात जड काम आहे.

काकांच्या ओटीत शेवटचा टप्पा उरला होता. अनेकांचं लक्ष या टप्प्यावर उडालेलं असतं. मुख्य काम झालेलं, सगळे थकलेले, एप्रन काढायची घाई. मला हाच टप्पा सर्वात ताजेपणानं करावासा वाटतो. शीथ काढली, लूप आवळले. भोकाच्या कडा तपासल्या, कारण आतला पातळ थर कधी कधी सुटतो आणि झडपेसारखा रक्त अडवतो. खालचा लूप सैल केला, हाताकडून उलटं रक्त आलं. वरचा सैल केला, ठोक्यानिशी जोरकस रक्त आलं, गुठळी नव्हती. हेपॅरिनच्या पाण्यानं धुऊन सहा-शून्य प्रोलिनचे आडवे, सुटे टाके घातले. हा धागा जेमतेम दिसतो. उभी शिवण घातली तर चार मिलिमीटरची धमनी तिथे चिंचोळी होते. आडवी घातली तर व्यास राहतो. लूप सोडले. धमनी भरली. मनगटावर बोट ठेवलं. पहिल्या क्षणी काही नाही, मग बारीक, मग स्पष्ट. वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं डॉप्लर यंत्र लावून सगळ्यांना ऐकवलं. तर्जनीवरचा आलेख उंच उभा राहिला होता. नाडी लागली नसती तर त्याच वेळी पुन्हा उघडून बारीक फुग्याच्या कॅथेटरनं गुठळी काढावी लागली असती. वॉर्डात जाऊन हात गार पडल्यावर ते करणं म्हणजे उशीर.

आवरण मी घट्ट शिवत नाही, त्या कप्प्याला जागा हवी असते. त्वचा शिवली. ओटीतल्या मदतनीस मामांनी हात उशीवर ठेवला.

आयसीयूत जाग आल्यावर काकांना आधी पाय हलवायला सांगितले, कारण या शस्त्रक्रियेत मज्जारज्जूचा रक्तपुरवठा ही सर्वात मोठी चिंता असते. दोन्ही पाय हलले. मग हात. अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करा. बोटं फाकवा. मनगट वर उचला. तीन हालचाली, तीन मज्जातंतू. तर्जनीच्या टोकाला कापूस लावला, डोळे मिटून सांगा कुठे लागतंय. त्यांनी बरोबर सांगितलं. काकू शेजारी उभ्या होत्या. त्यांना ग्राफ्टबद्दल काहीच विचारायचं नव्हतं. “ताई, यांना डाव्या कुशीवर हात उशाला घेऊन झोपायची सवय आहे, तसं चालेल का?” म्हटलं, टाके निघेपर्यंत नको, मग चालेल. त्यांनी ते मुलाला दोनदा सांगितलं.

काका आता ठरल्याप्रमाणे सीटीला येतात. ग्राफ्ट जागेवर आहे, फुगवटा थोडा आकसलाय. विडी सुटली आहे असं ते म्हणतात, काकू त्याला दुजोरा देतात. दर वेळी मी आधी मनगट हातात घेते आणि मग चित्रं बघते. ही तपासणी आयुष्यभर चालणार, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कारण आतून बसवलेला ग्राफ्ट कधीही एका जागी सोडून विसरायचा नसतो. फांद्यांचे सांधे सरकू शकतात, गळू शकतात.

हे दोन इंच शिकायचे कुठे, असं रेसिडेंट मला विचारतात. फांद्यांचे ग्राफ्ट रोज होत नाहीत. माझं उत्तर त्यांना सुरुवातीला आवडत नाही: डायलिसिसच्या फिस्टुलांमध्ये. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाच्या कोपरापाशी हीच धमनी उघडून शिरेला जोडायची, म्हणजे शीर फुगून डायलिसिसच्या सुया घेण्याजोगी होते. आपल्याकडे मधुमेह इतका आहे की या यादीला खळ नाही. काम लहान समजलं जातं, वेळ संपत आल्यावर शेवटी घेतलं जातं, ज्युनिअरवर सोपवून सिनिअर चहाला जातात. माझ्या युनिटमध्ये ते सकाळी पहिलं असतं आणि मी समोर उभी असते. तोच पांढरा तंतू, तोच मीडियन नर्व्ह, त्याच आडव्या शिरा. डायलिसिसवरच्या माणसाची धमनी तर अनेकदा चुन्यानं कडक झालेली, म्हणजे आणखी अवघड. तिथे जो हात घडतो तोच मोठ्या ग्राफ्टच्या दिवशी कामी येतो. शिवाय फिस्टुलाच्या रुग्णालाही त्याचा हात तितकाच प्यारा असतो.

येत्या यादीत एका शाळेच्या बाईंचा फिस्टुला आहे. त्यांची धमनी सोनोग्राफीत वरच दुभंगलेली दिसते आहे, दोन्ही फांद्या अडीच-तीन मिलिमीटरच्या. त्या डावखुऱ्या आहेत, म्हणून काप उजव्या हातावर. दोन धमन्यांपैकी कुठली वापरायची, का, आणि मज्जातंतू कुठे भेटेल, हे रेसिडेंटनं आदल्या दिवशी त्यांच्या हातावर मार्करनं काढून मला आणि बाईंना दोघींनाही समजावून सांगायचं, असं ठरलं आहे.